पंधरावं नाव

चिखलगोंदीच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसला येणारी माणसं सकाळी एकमेकांना नमस्कार करत नसत. ‘पिवळं ना?’ एवढंच विचारत. समोरचा माणूस सदऱ्याचं वरचं बटण काढून छातीवर लोंबणारं टोपण बाहेर ओढायचा. पारदर्शक टोपणात लिंबूसरबतासारखा फिकट रंग दिसला की दोघंही निवांत होऊन आत जायचे.

बायका पूर्वी ही नळी पदराखाली लपवायच्या. आता पोलक्याच्या गळ्यातून बाहेर काढून बसत. आसपासच्या गावांत मोरीजवळ एक लहानसा आरसा टांगलेला असायचा. तो दाढीसाठी नव्हता, टोपण बघण्यासाठी होता. पोरं शाळेतून आली की आधी आईचं टोपण बघायची आणि मग दप्तर टाकायची.

टोपणात जे होतं त्याचं नाव ‘राखण’.

किडन्या गेलेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून तीनदा यंत्रातून धुवावं लागतं. रक्त बाहेर काढायला आणि परत आत सोडायला वाट लागते. हातातली रोहिणी आणि नीला एकमेकींना शिवून केलेली वाट सगळ्यात चांगली. तिला फिस्टुला म्हणतात. ती वापरण्याजोगी व्हायला दीड-दोन महिने जातात. तोवर तात्पुरती सोय म्हणून मानेच्या नीलेतून नळी घालतात. नळीचं आतलं टोक हृदयापाशी असतं, बाहेरचं छातीवर लोंबतं. म्हणजे घाम, धूळ, हात, पदर, पोरांची बोटं या सगळ्या जगापासून थेट हृदयापर्यंत एक गल्ली. त्या गल्लीतून जंतू जातात.

राखण येण्याआधीच्या वर्षी चिखलगोंदीत नळी लावलेली चौतीस माणसं होती. त्यांतली नऊ मेली. किडनीनं नाही, नळीनं. दाखल्यावर ‘मूत्रपिंड निकामी’ एवढंच लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं, म्हणून कुणी भांडलं नाही.

मग राखण आलं. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात नळीत रक्त गोठू नये म्हणून एक द्रव भरून ठेवतात, त्याला ‘कुलूप’ म्हणायची पद्धत आहे. राखण हे तसंच कुलूप होतं, पण जिवंत. त्यात जंतुभक्षक होते. म्हणजे असे विषाणू, जे माणसाला हातही लावत नाहीत, फक्त जंतूंना आतून फोडून खातात. गटाराच्या पाण्यातून शोधून काढलेले, प्रयोगशाळेत वाढवलेले. जंतू फुटला की त्याच्या पोटातला माल बाहेर सांडायचा आणि द्रवातला रंग पिवळ्याचा जांभळा व्हायचा. पिवळं म्हणजे सगळं शांत. जांभळं म्हणजे चोर आला आणि मारला गेला, आता नळी बदला. इतकं सोपं. शाळा न शिकलेल्या माणसालाही कळावं असं.

पहिल्या वर्षी सहा टोपणं जांभळी झाली, सहाही माणसं वाचली. त्यानंतर जांभळं कुणी पाहिलंच नाही. ‘राखण मंडळ’ नावाचं एक मोठं कार्यालय शहरात उभं राहिलं आणि प्रत्येक केंद्राच्या दारात एक फळा आला. त्यावर विजेचे आकडे उमटायचे. चिखलगोंदीचा फळा पहिल्याच उन्हाळ्यात बंद पडला, म्हणून आकडा खडूनं लिहिला जायचा. त्या सोमवारी नन्नावरे सिस्टरांनी लिहिला होता : ‘संसर्गाविना दिवस १,०९४’.

नन्नावरे सिस्टर या युनिटमध्ये एकोणीस वर्षं होत्या. ते नऊ मृत्यू त्यांनी पाहिले होते आणि त्यांतल्या प्रत्येकाचं नाव त्यांना येत होतं. त्यांनी तेव्हा एक पद्धत काढली होती. टोपण काढल्यावर नळीचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं पंधरा सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, मगच यंत्राला जोडायचं, हा नियम पुस्तकात होताच. पण एका सिस्टरकडे सहा यंत्रं, प्रत्येक नळीला दोन तोंडं. पंधराचे पाच कधी होतात ते हातालाही कळत नाही. घड्याळाकडे बघावं तर हात थांबतो, हाताकडे बघावं तर घड्याळ पळतं. म्हणून त्या रोग्यालाच सांगायच्या, आपल्या माणसांची पंधरा नावं घे, सावकाश. नावं संपेपर्यंत मी घासणार.

घाई असली तरी कुणी आपलं माणूस गाळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. बोळा कधी दहाव्या नावाला थांबला नाही.

एक म्हातारी नवऱ्याचं नाव घ्यायची नाही, त्याच्या जागी नुसतं खोकायची. सिस्टर तो खोकला एक सेकंद धरायच्या. एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले भाऊराव ढोके एकटे होते. ते नावांऐवजी आपल्या जुन्या मार्गावरचे पंधरा थांबे सांगायचे आणि शेवटी ‘चला, उतरा’ म्हणायचे. त्यांच्या शेजारच्या यंत्रावर शेवंता कुमरे असायची. अंगणवाडीत मदतनीस, पंचेचाळिशीची, दोन मुली आणि एक मुलगा. तिच्या घरची नावं तेरा भरायची. चौदावी चंद्री, तिची शेळी. आणि पंधराव्या नावाला ती मान वळवून म्हणायची, “आन् पंधराव्या तुमी, सिस्टरबाई.”

राखण आल्यावर दुसऱ्या वर्षी वरून पत्र आलं. ज्या केंद्रांत राखण आहे तिथे घासण्याच्या बोळ्यांचा पुरवठा थांबवण्यात येत आहे, कारण गरज उरलेली नाही. सिस्टरांनी महिनाभर घरून कापूस आणला. मग तोही सुटला. चिडून नाही, दमून नाही. रोज पिवळं दिसत होतं म्हणून. नावं बंद झाली, टोपण काढलं की जोडलं. वाचलेल्या वेळात मंडळानं आणखी दोन यंत्रं दिली. सहाची आठ झाली, सिस्टर तेवढ्याच.

भाऊराव म्हणाले होते, “आपली गाडी विनाथांबा झाली जी, सिस्टरबाई.” सगळे हसले. सिस्टरही हसल्या.

त्या सोमवारी भाऊराव चार नंबरच्या यंत्रावर होते, शेवंता पाचवर. मे महिना होता, पंखे गरम हवा ढवळत होते. यंत्र सुरू होऊन पाऊण तास झाला आणि भाऊरावांनी पंखा बंद करा म्हटलं. मग चादर मागितली. मग दुसरी. मग दात वाजायला लागले आणि पलंगाची लोखंडी कड भिंतीवर आपटायला लागली.

सिस्टर तिथेच होत्या. यंत्र सुरू झाल्यावर तासाभरात थंडी वाजून आली तर ती नळीची थंडी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, नऊ माणसांनी मरून शिकवलं होतं. त्यांनी ताटलीत काढून ठेवलेल्या टोपणाकडे पाहिलं. पिवळं.

डॉक्टर अथांग वासेकर आले. वय अठ्ठावीस, बंधपत्राची सेवा करायला आलेला मुलगा, वाईट नव्हता. त्यानं हातातल्या डिजिटल पाटीवर रंग नोंदवला. पाटीनं उत्तर दिलं : पिवळा, नळीसंसर्ग वगळा, इतर कारणे शोधा. त्यानं इतर कारणं शोधली. हिवतापाची चाचणी केली, त्यात काही निघालं नाही. अंगावर काढलेला ताप असेल म्हणून गोळी दिली. सिस्टर काही बोलल्या नाहीत. डॉक्टर चुकतोय असं वाटून गप्प राहिल्या असत्या तर तो भित्रेपणा म्हणता आला असता. पण त्यांना तसं वाटलंच नाही. एकोणीस वर्षांचं ज्ञान अंगात होतं आणि समोर एक रंग होता. त्यांनी रंगावर विश्वास ठेवला.

बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी दुपारी घरून आणताना भाऊराव रुग्णवाहिकेतच, रुग्णालयाच्या अलीकडच्या फाट्यावर वारले. दाखल्यावर लिहिलं : मूत्रपिंड निकामी, तापाचा आजार.

शुक्रवारी सकाळी सिस्टरांनी खडू घेतला आणि फळ्यावर १,०९८ लिहिलं. हात थांबला नाही. पुढे जे झालं त्यापेक्षा हेच त्यांना नंतर जास्त वेळा आठवलं.

त्याच शुक्रवारी शेवंता आली ती उशिरा. चार नंबरचा पलंग मोकळा होता, तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती पाचवर जाऊन बसली. तिचा चेहरा गेल्या काही महिन्यांपासून सकाळी सुजायचा. लांब काळ नळी राहिली की छातीतली मोठी नीला आतून आकसते आणि डोक्याकडचं रक्त खाली उतरायला अडतं, त्यातला तो प्रकार. तिला घरचे म्हणायचे, बाई अंगानं भरली. तिनं टोपण काढून दाखवलं. पिवळं. काल संध्याकाळी जरा थंडी वाटली, असं ती बोलता बोलता म्हणाली.

सिस्टरांनी तिला जोडलं आणि उभ्या राहिल्या. पन्नास मिनिटांनी शेवंतानं चादर मागितली.

सिस्टरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. चार नंबरवरून पाच नंबरवर जंतू काही स्वतः चालत गेला नव्हता. सोमवारी आणि बुधवारीही भाऊरावांची नळी सोडून त्या थेट शेवंताकडे वळल्या होत्या. हातमोजे बदलले होते का? आठवेना. पूर्वी आठवायची गरज पडायची नाही.

त्यांनी कोपऱ्यात जाऊन मंडळाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. एका मुलीनं उचलला. सिस्टरांनी दोन्ही रोग्यांची हकीगत सांगितली. मुलीनं ठरलेलं वाक्य म्हटलं, की पिवळा रंग असेल तर नळीसंसर्ग नसतो. सिस्टरांनी विचारलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, मी प्रयोगशाळेत आहे, आज फोनवाल्या सुट्टीवर आहेत. मग पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“सिस्टर,” ती मुलगी हळू आवाजात म्हणाली, “रंग कधी बदलतो माहीत आहे ना? जंतू आला की नाही. जंतू फुटला की.”

“मग?”

“मग जो फुटतच नाही, त्याचा रंग कुठून येणार?”

सिस्टर भिंतीला टेकल्या. राखणदाराला जो चोर धरता येत होता तोच त्याला दिसत होता. ज्याला तो धरू शकत नव्हता तो त्याच्या देखत घरात शिरत होता आणि राखणदार सांगत होता, सगळं शांत आहे.

मुलगी सांगत राहिली. जंतू बदलतात, त्यांच्या अंगावरची जी कडी धरून जंतुभक्षक आत शिरतात ती कडीच काही जंतू टाकून देतात. पण तसे लाखात एखादेच. नळीत थोडेच जंतू शिरले तर तो एखादा यायची शक्यता नगण्य. राखण बनवताना नळीचं तोंड घासलं जाणार हे गृहीत धरलं होतं. घासणं थांबलं आणि रोज, प्रत्येक केंद्रात, हजारो नळ्यांतून जंतूंच्या झुंडी आत जायला लागल्या. त्यांतले साधे मेले. उरलेले शिकले.

“हे लिहिलंय कुठे?”

“माहितीपत्रकात आहे. शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. इंग्रजीत.” ती थांबली. “बोळे बंद करायचं पत्र आम्हाला विचारून नाही निघालं, सिस्टर.”

सिस्टरांनी फोन ठेवला. त्या मुलीचा राग करावा असं त्यांना वाटलं, पण जमलं नाही. बोळे बंद करणारं पत्र वरून आलं होतं. कापूस आणणं मात्र त्यांनी स्वतः थांबवलं होतं.

डॉक्टर वासेकर आले तोवर शेवंताचा ताप एकशे तीनवर गेला होता. सिस्टरांनी सांगितलं की नळीतून आणि हातातून, दोन्हीकडून रक्त घेऊन जंतूंच्या तपासणीला लावायचं, लगेच औषध सुरू करायचं आणि नळी काढायची. तपासणीच्या बाटल्या फ्रिजमध्ये चार होत्या, मुदत याच महिन्याची. तीन वर्षांत कुणी वापरल्या नव्हत्या.

डॉक्टरनं टोपण पाहिलं, पाटी पाहिली. पिवळ्या नळीला संसर्ग लिहिला तर मंडळ खुलासा मागेल हे त्यानं सांगितलं, पण त्याची खरी भीती वेगळी होती आणि ती चुकीची नव्हती. नळी काढली तर सोमवारी डायलिसिस कशातून करायचं? मानेच्या दोन्ही बाजू वापरून झाल्या होत्या. उजवीकडची नळी बुजली म्हणून दीड वर्षापूर्वी डावीकडे घातली होती, आणि आता चेहरा सुजत होता, म्हणजे वरचे रस्ते आकसले होते. मांडीत नळी घालता येईल, पण ती थोडे दिवस, आणि तिथे तर संसर्ग आणखी लवकर. फिस्टुला असता तर प्रश्नच नव्हता.

“फिस्टुला का नाही केला हिचा?” असं म्हणत त्यानं जुनी फाईल उलटली आणि एका कागदावर बोट ठेवलं. “हे बघा. पेशंटनं स्वतः नकार दिलाय. सही आहे.”

शेवंता चादरीखाली थरथरत होती. तिनं डोळे उघडले. “मी कवा नकार देल्लो?”

सिस्टरांना तो मंगळवार दिसला. तेव्हा जिल्ह्याहून सर्जन दर दुसऱ्या मंगळवारी यायचे आणि हाताच्या शिरा जोडून द्यायचे. राखण येऊन पाच महिने झाले होते. त्या दिवशीच्या यादीत पहिलं नाव शेवंताचं होतं. तिच्या हाताच्या शिरा इतक्या छान होत्या, की सर्जननं तपासताना जवळ उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला बोलावून दाखवल्या होत्या. ती उपाशीपोटी, हिरवा झगा घालून ऑपरेशनच्या दाराशी उभी होती. तिनं सिस्टरांचा हात धरला आणि विचारलं, करू का नको करू, तुमी सांगा जी, तुमी सांगाल ते. आणि सिस्टरांनी तिच्या छातीवरचं पिवळं टोपण बघितलं, हसल्या आणि म्हणाल्या, कशाला हात कापून घेतेस बाई? हे पिवळं आहे तोवर तू राणी आहेस. आतून कुणीतरी कागद आणला. शेवंतानं सही केली. झगा उतरवून, वऱ्हांड्यात बसून पोहे खाल्ले.

तिच्या मागे यादीतले आणखी तिघं परत फिरले. मग सर्जन महिन्यातून एकदा यायला लागले, मग तिमाहीला, मग आलेच नाहीत. तात्पुरत्या नळ्या कायमच्या झाल्या आणि कुणाला वाईट वाटलं नाही.

“तो नकार तिचा नव्हता,” सिस्टर म्हणाल्या. “माझा होता.”

डॉक्टरनं वर पाहिलं.

“ती घाबरली होती. तिनं मला विचारलं, मी नको म्हटलं. कागदावर तिची सही घेतली तेव्हा मी बाजूला उभी होते. तुम्ही खुलाशात हे लिहा. माझं नाव घालून लिहा. पण आता बाटल्या द्या, इथे वेळ जातोय.”

“मले वाटलं,” शेवंता दात वाजत असतानाच म्हणाली, “का तारीख पुढं ढकलल्याचा कागद हाय. मी म्हटलं, सिस्टरबाई सांगतील तवा पुन्हा जाऊ. मी वाट पाहून रायलो न जी.”

तीन वर्षं तिनं वाट पाहिली होती. एकदाही विचारलं नव्हतं. सिस्टरांनी सांगितलं नव्हतं म्हणजे अजून वेळ आली नसेल, एवढाच तिचा हिशोब.

डॉक्टर वासेकरनं पाटी टेबलावर पालथी ठेवली आणि हातमोजे चढवले.

रक्ताच्या बाटल्यांत बारा तासांत जंतू वाढले. हातातल्या रक्तातही आणि नळीतल्या रक्तातही एकच. औषध शुक्रवारीच सुरू झालं होतं, नळी त्याच दुपारी निघाली. रविवारी शेवंताचा ताप उतरला. भाऊरावांना सोमवारीच औषध मिळालं असतं तर, हा प्रश्न डॉक्टरनं विचारला नाही, सिस्टरांनीही विचारला नाही. दोघांनी मिळून भाऊरावांच्या दाखल्याच्या दुरुस्तीचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदाच ‘नळी’ हा शब्द आला. अर्जाखाली वारस म्हणून सही करायला कुणी नव्हतं.

डॉक्टरनं मंडळाला आणि ज्यांचे क्रमांक मिळाले त्या सगळ्या केंद्रांना कळवलं, की पिवळ्यावर विसंबू नका, थंडी वाजली की रक्त तपासा, नळीचं तोंड घासा. सहा केंद्रांतून फोन आले. सहाही ठिकाणी गेल्या दोन महिन्यांत कुणी ना कुणी ‘तापानं’ गेलं होतं, टोपण पिवळं होतं. मंडळाचं उत्तर रविवार असूनही तासाभरात आलं : बाब तपासाधीन आहे, तोपर्यंत टोपणाचा रंग हाच अधिकृत आधार मानावा. सिस्टरांनी ते वाचून दाखवायला लावलं आणि मग त्या बाहेर जाऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. आकडा पुसला. शून्य लिहावं की काय लिहावं ते त्यांना सुचेना. फळा कोराच राहिला.

सर्जनलाही फोन झाला. ते मंगळवारी यायला तयार झाले. डावा हात उघडून बघतो, म्हणाले, वचन देत नाही. तीन वर्षं रक्त काढायला प्रत्येकानं त्याच छान शिरांत सुया खुपसल्या होत्या.

सोमवारी सकाळी शेवंता पाच नंबरवर होती. नळी आता मांडीत होती, म्हणून पडदा ओढला होता. तिचा नवरा सोमाजी बाहेर बाकावर बसला होता. आत येताना त्यानं सिस्टरांना नमस्कार केला होता, रोजच्यासारखाच. बहुतेक तिनं घरी काही सांगितलं नव्हतं.

सिस्टरांनी मलमपट्टीच्या खोलीतून कापसाचा गुंडाळा मागून आणला होता आणि त्याचे बोळे स्वतः वळले होते. हात धुतले, मोजे घातले, मोजे बदलले. नळीचं टोपण काढलं. टोपण साधं होतं, पांढरं, त्यात काही दिसत नव्हतं. स्पिरिटचा वास पडद्याआड पसरला. तीन वर्षांत या खोलीत तो वास आला नव्हता. शेजारच्या रोग्यानं नाक वर करून विचारलं, काय चाललंय जी, काही सांडलं का?

“शेवंता,” सिस्टर म्हणाल्या, “नावं घे.”

शेवंता छताकडे बघत होती. सिस्टरांना वाटलं, ती विसरली असेल किंवा आज बोलणार नाही. त्यांनी घासायला सुरुवात केली. मनात आकडे मोजून बघितले. चारनंतर काय ते हुकलं.

“लीलाचे बाबा,” शेवंता म्हणाली. मग सावकाश, “लीला. कांता. राजू.” मग लीलाची मुलगी, ती गेल्या वर्षी झालेली, सिस्टरांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं. सासू-सासरे गेले होते, त्यांच्या दोन जागांतली एक त्या बाळानं घेतली होती. भाऊ, भावजय, भावाची तिघं पोरं. धाकटी नणंद. अंगणवाडीच्या बाई. तेरावी चंद्री, अजून जिवंत होती, आता दूध देत नव्हती.

बोळा फिरत होता.

“भाऊराव ढोके,” शेवंता म्हणाली.

चार नंबरच्या पलंगावर आज नवा माणूस होता, मानेत नवी नळी घातलेला. त्यानं फक्त पडद्याकडे पाहिलं आणि आपलं नाव नाही म्हणून पुन्हा डोळे मिटले.

चौदा झाली. शेवंतानं मान वळवली. ती सिस्टरांच्या हाताकडे बघत होती, हाताकडून वर बघत नव्हती. रागावलेली दिसत नव्हती. आठवत असल्यासारखी दिसत होती, किंवा ठरवत असल्यासारखी. पडद्याबाहेर कुणीतरी नव्या माणसाला विचारत होतं, पिवळं ना?

पंधरा सेकंद केव्हाच होऊन गेले होते. सिस्टर घासत राहिल्या. नावं संपेपर्यंत घासायचं, हा नियम त्यांनीच केला होता. एक नाव अजून यायचं होतं. ते येणार होतं का?